मार्क ट्वेन : संस्कार आणि सदसद्विवेक

मार्क ट्वेन म्हणजे सॅम्युएल क्लेमेन्स. त्यांचा जन्म १८३५ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात झाला. तेथे गुलामगिरीला कायद्याची मान्यता होती आणि धर्मोपदेशकही तिचे समर्थन करीत. वडिलांच्या घरी गुलाम होते. मावशीच्या शेतावरील डॅनियल या गुलामाचा स्नेह मात्र त्यांना लाभला. पुढे ‘जिम’ त्याच्यावरूनच घडला. १८६१ मध्ये ते दक्षिणेच्या बाजूच्या स्वयंसेवक दलात सुमारे दोन आठवडे राहिले. १८७० मध्ये गुलामगिरीविरोधी घराण्यातील ऑलिव्हिया लँग्डन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१८८४ मधील ‘हकलबरी फिन’ या कादंबरीत पळालेल्या जिमला साहाय्य करणे हकला पाप वाटते. कारण त्याची सदसद्विवेकबुद्धी समाजानेच घडविलेली आहे. तिला झुगारून तो मैत्री राखतो. अखेरच्या प्रकरणांत मात्र जिमची सुटका मुलांचा खेळ ठरते, ही मर्यादा नाकारता येत नाही.

१८९६ मध्ये मुंबईतील हॉटेलात एका युरोपीयाने नोकराला मारलेले पाहताच ट्वेन यांना मिसुरीतील गुलाम आठवले. बालपणीचा संस्कार साठीतही पुसला गेला नव्हता. १९१० मध्ये ते निवर्तले. हकचे द्वंद्व त्याच्या निर्मात्याचेही होते, असे या जीवनक्रमावरून म्हणता येते.