परवाना क्रमांक 1

दिवाळीच्या सुट्टीत मी आजोळी, केलगेरीला गेले होते. मंडळात हवं ते काम मिळालं नाही म्हणून जरा रुसूनच गेले होते, खोटं कशाला सांगू! संध्याकाळी अज्जा मला तळ्यावर घेऊन जायचे. अज्जा टपाल खात्यातनं निवृत्त झालेले. एकदा हुबळीकडं जाणारं विमान दिसलं, तसं ते म्हणाले, टाटांची विमानं आधी पत्रं घेऊन उडाली, माणसं नंतर. मला पटेना. म्हणून वाचायला बसले आणि जे. आर. डी. टाटा भेटले.

जन्म 29 जुलै 1904, पॅरिसचा. आई फ्रेंच. इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारे ब्लेरिओ यांचं घर त्यांच्या सुट्टीच्या गावी, फ्रान्सच्या किनाऱ्यावर होतं. तिथं वाळूवर उतरणारी विमानं बघून पोरगं वेडं झालं. 10 फेब्रुवारी 1929 ला त्यांना मुंबईत वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता 1.

1929 साली आगाखानांनी बक्षीस लावलं. इंग्लंड आणि भारत यांच्यामधलं अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होतं. जे. आर. डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनीयर हा कोवळा पोरगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जे. आर. डीं.नी जवळचा जादा प्लग त्याला देऊन टाकला. अस्पी काही तासांनी जिंकला. पुढे तोच हवाई दलाचा प्रमुख झाला.

15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. इवल्याशा पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घालून कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबाद, मग मुंबईचं जुहू. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. रेडिओ नाही, वाट दाखवणारं यंत्र नाही. खाली बघायचं आणि वाट ओळखायची! जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, की मुक्काम पुण्याला हलवायचा. 1933 या अख्ख्या वर्षात त्यांच्या विमानांतून 155 माणसांनी प्रवास केला. आज एवढी माणसं एका विमानात बसून चहा मागवतात. म्हणजे अज्जा बरोबर होते.

8 जून 1948 ला ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. एअर इंडियाचं नाव जगात झालं. आणि 1953 साली सरकारने विमानकंपन्या ताब्यात घेतल्या. जे. आर. डीं.ना हे मनापासून पटलं नव्हतं. तरी त्यांनी अध्यक्षपद स्वीकारलं. कंपनी आपली राहिली नाही, पण काम आपलंच आहे, असं वागले. प्रवासात पडदे, जेवण, स्वच्छतागृहं बारकाईने बघायचे, चुका टिपून कळवायचे. अशी पंचवीस वर्षं! आणि 1978 मध्ये सरकारने त्यांना पदावरनं दूर केलं.

इथं मी पुस्तक मिटलं. दुसरा कुणी असता तर परत विमानाचं नाव काढलं नसतं. पण 15 ऑक्टोबर 1982 ला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हा माणूस पुन्हा कराचीहून मुंबईला आला, जुन्या लेपर्ड मॉथमधून, एकटा, स्वतः चालवत. नव्या पोरांनी आकाशाकडं बघावं म्हणून.

1992 साली त्यांना भारतरत्न मिळालं. 29 नोव्हेंबर 1993 ला जिनिव्हात ते गेले. एअर इंडिया जानेवारी 2022 मध्ये टाटांकडे परत आली. ते बघायला ते नव्हते.

सुट्टी संपवून मी मंडळाच्या बैठकीला गेले. खुर्च्या मांडायचं काम वाट्याला आलं. मांडल्या. आणि शेवटच्या रांगेतली एक डुगडुगत होती, ती बदलून घेतली.