परळीचे देवालय आणि नावाची हाव

वैजनाथाच्या दर्शनास पायऱ्या चढून जाणाऱ्या मंडळींपैकी किती जणांच्या ध्यानी असते की, ज्या अहिल्याबाई होळकरांनी ह्या देवालयाचा जीर्णोद्धार केला त्यांच्या राज्यात परळी नव्हतीच? हा मुलूख तेव्हा निजामाचा. येथून त्यांच्या खजिन्यात एक पै यावयाची नव्हती. आज कोणी पाणपोई घातली तर रांजणापेक्षा दात्याच्या नावाची पाटी मोठी असते. म्हणून हे चरित्र आमच्या व्यापारी बंधूंनी एकवार पाहावे.

बाईंचा जन्म 1725 साली नगर प्रांतातील चौंडी गावी, पाटलाच्या घरी झाला. मल्हारराव होळकरांच्या त्या सून. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, 1766 मध्ये सासरे गेले, आणि 1767 मध्ये एकुलता एक पुत्र मालेराव. आपण जे जोडतो ते मुलाबाळांसाठी, असे पेढीवरचा प्रत्येक जण सांगतो. परंतु ज्याचा वारसच गेला त्याने कशासाठी राबावे? दत्तक घेऊन स्वस्थ बसा, हा कारभाऱ्याचा सल्ला बाईंनी झिडकारला. रोज कचेरीत बसावे, फिर्यादी ऐकाव्या, हिशेब तपासावे, हा क्रम त्यांनी 28 वर्षे चालविला. धर्मकृत्यांचा खर्च खासगीतून. आणि हुकुमांवर स्वतःचे नाव नव्हे, श्रीशंकराचे!

त्याच 1767 साली ही दौलत गिळंकृत करावी म्हणून राघोबादादा फौजेसह माळव्यात उतरले. बाई लढण्यास सिद्ध झाल्या, थोरल्या माधवरावांनीही त्यांचाच हक्क मानला, आणि दादांस हात हलवीत परतावे लागले. दादा सामान्य पुरुष नव्हेत. 1758 मध्ये त्यांच्या मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या होत्या. परंतु हातचे यश त्यांस कधी पुरले नाही. पेशवेपदाच्या ध्यासापायी 1773 मध्ये पुतण्याच्या खुनाचा कलंक माथी आला. पद लाभले ते काही महिने. मग 1775 मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह केला, आणि 1783 मध्ये कोपरगावी पदावाचून देह ठेवला.

इकडे एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि नर्मदेत टाकविला. कवीची पुन्हा विचारपूसही केली नाही. ही हकीकत माल्कमसाहेबाने 1823 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. साहेब परकी, त्यास खुशामत करण्याचे कारण नव्हते.

बाईंचे सारेच मनासारखे झाले असे मात्र नाही. नातू वारला, मागोमाग जावई यशवंतराव फणसे गेले, आणि 1791 मध्ये मुलगी मुक्ताबाई सती निघाली. आईने पायां पडून विनविले. पण त्या दुष्ट रूढीपुढे राणीचेही चालले नाही. नर्मदातीरी उभे राहून त्यांनी ती चिता पाहिली. तीन दिवस अन्न घेतले नाही. त्यानंतर महेश्वरची कचेरी पूर्ववत भरू लागली, ती 1795 च्या ऑगस्टात बाईंनी डोळे मिटीपर्यंत.