फिलाडेल्फियाच्या थंडीत आनंदीबाई जोशींपुढे दोनच पर्याय होते, धूर नाहीतर गारठा

डिसेंबर उजाडला की नाशिककरांच्या मोबाईलवर एक बातमी हमखास येते. निफाडचा पारा घसरला. मग द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, घडांना गारठा बाधू नये म्हणून. गल्लीच्या कोपऱ्यावर पालापाचोळा पेटतो. घरात म्हणाल तर स्वेटर, गोधडी आणि फार तर एखादी शेगडी. महिना-दीड महिना काढला की सुटलो.

आता कल्पना करा, वय १८. अंगावर साडी. आयुष्यात बर्फ कधी पाहिलेला नाही. आणि शहर असं की जानेवारीत पारा शून्याच्या खाली जाणं ही बातमीसुद्धा होत नाही. सोबत घरचं कुणी नाही. खोलीत शेकोटी आहे, पण पेटवली की खोलीभर धूर. विझवली की हाडं गोठवणारा गारठा.

ही खोली होती डॉ. आनंदीबाई जोशी यांची.

आनंदीबाईंचं नाव आपण सगळे शाळेपासून ऐकतो. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली पहिली भारतीय स्त्री, एवढं एक वाक्य पाठ असतं. सिनेमाही येऊन गेला. पण त्या तीन वर्षांत त्या रोजच्या रोज कशा जगल्या, हे त्या वाक्यात येत नाही.

तर सुरुवातीपासून बघू.

३१ मार्च १८६५ ला त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव यमुना. बालपण गेलं कल्याणला. नवव्या वर्षी लग्न झालं, नवरा गोपाळराव जोशी. गोपाळराव मूळचे संगमनेरचे, म्हणजे आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावरच्या गावचे. पोस्टात नोकरी, बिजवर आणि बायकोपेक्षा जवळपास वीस वर्षांनी मोठे. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळरावांना एकच वेड होतं. बायकोला शिकवायचं. त्या काळात नवऱ्यानं बायकोला शिकवणं म्हणजे गावभर चर्चेचा विषय. पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अभ्यासात कुचराई झाली की गोपाळराव मारायचे. लाकडं, पुस्तकं, खुर्च्या, हाताला येईल ते फेकायचे. हे आनंदीबाईंनी स्वतःच पुढे नवऱ्याला लिहिलेल्या पत्रातून कळतं. हजारो मैल दूर गेल्यावर त्यांनी हे स्पष्ट शब्दांत मांडलं होतं आणि त्याच माणसाबद्दल कृतज्ञताही व्यक्त केली होती. आज आपल्याला हे एकत्र बसवणं जड जातं. त्यांनाही सोपं गेलं नसावं.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. नीट वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, असं त्यांना वाटत राहिलं. बाळंतपणात आणि आजारपणात बायका पुरुष डॉक्टरसमोर जायला तयार नसत, आणि बाई डॉक्टर कुठे होती? तिथून त्यांनी ठरवलं की आपणच डॉक्टर व्हायचं.

पण शिकायचं कुठे? गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून मदत मागितली होती. वाइल्डर यांनी ख्रिस्ती होण्याचा मुद्दा पुढे केला. जोशी पती-पत्नीला ते मान्य नव्हतं. विषय तिथेच संपायचा, पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो अंक दंतवैद्याकडे नंबरची वाट बघत बसल्या असताना वाचला. त्यांनी कोण कुठल्या मुलीला पत्र टाकलं. पत्रांतून ओळख वाढली, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली होती. तिथे श्रीरामपूर कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ ला आनंदीबाईंनी जाहीर भाषण केलं. मी अमेरिकेला का जातेय, एकटी का जातेय, धर्म सोडणार का, या सगळ्या प्रश्नांची त्यांनी एकेक करून उत्तरं दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं ठणकावून सांगितलं. वय होतं १७. दागिने विकून पैसे उभे केले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून जहाज निघालं आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. उतरवून घ्यायला कार्पेंटर मावशी हजर होत्या.

उन्हाळा मावशींच्या रोझेल गावातल्या घरी मजेत गेला. ऑक्टोबरमध्ये कॉलेज सुरू झालं. फिलाडेल्फियातलं वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्व्हेनिया. १८५० मध्ये सुरू झालेलं, बायकांना डॉक्टर करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या कॉलेजांपैकी एक. डीन होत्या रेचल बॉडली.

आणि मग आला हिवाळा.

इथे थोडं थांबून तेव्हाची घरं गरम कशी व्हायची ते समजून घेऊ. पूर्व पेन्सिल्व्हेनियात अँथ्रासाइट नावाच्या दगडी कोळशाच्या मोठ्या खाणी आहेत. काळाभोर, चमकदार आणि टणक कोळसा. पेटायला हट्टी, पण एकदा पेटला की तासन् तास धगधगतो आणि धूर कमी करतो. त्यामुळे फिलाडेल्फियातल्या घरोघरी तोच जळायचा. कुठे भिंतीतल्या शेकोटीत, कुठे लोखंडी शेगडीत.

पण शेकोटी म्हणजे फक्त जळण नाही. खरं काम करतं धुराडं. गरम हवा हलकी असते, ती धुराड्यातून वर जाते आणि जाताना धूर घेऊन जाते. तिची जागा घ्यायला खोलीतली ताजी हवा निखाऱ्यांकडे खेचली जाते. ही ओढ नीट लागली तर खोली उबदार राहते. धुराडं तुंबलेलं असेल, थंडगार पडलेलं असेल किंवा बांधणीतच चूक असेल तर ओढ लागत नाही आणि धूर उलटा खोलीत येतो. मग कोळसा कितीही चांगला आणा, डोळे चुरचुरणार आणि खोकला लागणार. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे तो कळतही नाही.

आनंदीबाईंच्या खोलीतली शेकोटी अशीच बिघडलेली होती. एक तर धूर सोसा, नाहीतर थंडी. दिवसभर लेक्चर, शवविच्छेदन, रात्री अभ्यास, आणि तो अशा खोलीत.

बरं, थंडीचं दुसरं औषध म्हणजे कपडे आणि खाणं. तिथेही अडचण होती. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहायच्या. म्हणून त्यांनी पाय घोट्यापर्यंत झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. पण साडी सोडली नाही. शाकाहार सोडला नाही. श्रीरामपुरात शब्द दिला होता आणि मायदेशातले लोक डोळ्यांत तेल घालून बघत होते की बाई कधी चुकते.

तब्येत ढासळत गेली. ताप यायचा. खोकला लागला तो पुढे सुटलाच नाही.

पण अभ्यास थांबला नाही. ११ मार्च १८८६ ला त्यांना एम.डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या आईनं हा विषय का निवडला असेल, ते सांगायला नको. समारंभाला गोपाळराव होते आणि खास इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाईही. व्हिक्टोरिया राणीनं अभिनंदनाचा निरोप पाठवला.

कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला परतल्या तेव्हा बोटीतून उतरली ती खंगलेली बाई होती. क्षयानं त्यांना पोखरलं होतं. पुण्यात वैद्यांचे उपचार झाले, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. बाविसावा वाढदिवस महिनाभरावर होता. कोल्हापूरच्या पदावर त्या कधी रुजू होऊ शकल्याच नाहीत.

मग प्रश्न येतो. त्या शेकोटीनं त्यांचा जीव घेतला का?

शेकोटीवर खापर फोडणं सोपं आहे, पण ते खरं नाही. क्षय जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेला निघण्याच्या आदल्याच वर्षी, तो जंतू शोधला होता. पण जंतू सापडला म्हणून औषध सापडलं असं होत नाही. क्षयावर काम करणारं स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ साल उजाडावं लागलं. आनंदीबाई साठ वर्षं आधी जन्मल्या, एवढंच. मात्र घरातल्या धुरानं फुफ्फुसं कमजोर होतात, आणि अपुरं खाणं, अपुरी झोप, सततचा गारठा यांनी शरीर आजाराशी झुंजायला कमी पडतं, हे आज डॉक्टर सांगतात. आनंदीबाईंच्या वाट्याला हे सगळं एकदम आलं होतं.

त्यांच्या यशाची गोष्ट सांगताना आपण जिद्द सांगतो. जिद्द होतीच. पण एका नीट चालणाऱ्या धुराड्याची, पोटभर जेवणाची आणि उबदार खोलीची किंमत जिद्दीनं भरून निघत नाही. आजही गावाकडून शिकायला शहरात आलेल्या मुली कोंदट खोल्यांत, मेसचं अर्धपोटी जेवण खाऊन अभ्यास करतात. त्यांना प्रेरणेसाठी आनंदीबाईंचा फोटो पाठवताना त्यांची खोली कशी आहे, हेही विचारायला हरकत नाही.

आणि नाशिकची थंडी आलीच आहे तर एक साधी गोष्ट. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नका. दरवर्षी देशात अशा खोल्यांत गुदमरून माणसं जातात. ऊब हवी तर खिडकी किलकिली ठेवा आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर काढा.

आनंदीबाई गेल्यावर गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या आजही आहेत. तिथे दरवर्षी बर्फ पडतो.