न दिसणारी ऊब

माघातल्या थंडीत आमच्या अंगणात शेकोटी पेटते. तोंड भाजते, पण पाठ गारठलेलीच राहते. मध्ये कोणी येऊन उभे राहिले की ऊब त्याच क्षणी तुटते, जणू सावली पडावी तशी. ऊब हवेतून येत असती तर असे झाले नसते. हे कोडे ज्याच्यामुळे मला उलगडले तो विल्यम हर्शेल मुळात होता वादक! कला शाखा घेतल्याबद्दल घरची बोलणी खाल्लेल्या मला त्याच्याविषयी आपुलकी वाटली तर नवल नाही.

जर्मनीतील हॅनोव्हर येथे १७३८ साली एका लष्करी बँडवाल्याच्या घरी तो जन्मला. १७५७ मध्ये इंग्लंडला गेला. बाथ शहरात ऑर्गन वाजवी, शिकवण्या करी, सिम्फनी रची. रात्री आकाश पाही. दुर्बिणीचे आरसे तो घरीच घाशी. हात सोडता येत नसे, म्हणून बहीण कॅरोलिन त्याला घास भरवी. (तिने पुढे स्वतः धूमकेतू शोधले. तिच्यावर खरे तर स्वतंत्र लेख हवा!) १७८१ मध्ये त्याला युरेनस सापडला, राजाने वर्षाला २०० पौंड लावून दिले आणि शिकवण्या सुटल्या.

मला मात्र १८०० सालची गोष्ट अधिक मोठी वाटते. रंगीत काचांतून सूर्य पाहताना त्याच्या ध्यानात आले की काही काचांतून उजेड थोडा येतो, पण चटका फार बसतो. तेव्हा त्याने लोलकातून उन्हाचे रंग टेबलावर पाडले आणि टोक काळे केलेला तापमापक एकेका रंगात ठेवला. तुलनेसाठी दुसरे तापमापक बाजूला. जांभळ्यात पारा सुमारे २ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात ३, तांबड्यात जवळजवळ ७. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे त्याहूनही अधिक!

हेच अवरक्त किरण. आरशावरून ते प्रकाशासारखेच परततात, हेही त्याने दाखविले. तरी अखेर उष्णता आणि प्रकाश या दोन निराळ्या गोष्टी, असा निवाडा त्याने दिला. येथे तो चुकला. दोन्ही एकाच जातीचे, फक्त तरंगलांबी निराळी. हाती आलेले सत्य असे निसटावे, याची चुटपुट लागते. १८२२ मध्ये तो वारला.

खोलीतल्या विजेच्या हीटरची तार लाल दिसते, पण तिची बहुतेक ऊब या न दिसणाऱ्या किरणांचीच. म्हणून खोली गार असतानाही समोरच्याचे हात शेकतात.

गेल्या सुटीत शेकोटीपुढे वडील मध्येच उभे राहिले. त्यांना सरकायला सांगून मी हर्शेल ऐकवला. सगळे ऐकून त्यांनी विचारले, हा आरसे घासणारा पोटाला काय करीत होता? शिकवण्या, मी म्हणालो.