घरात समुद्र आणणारा फिलिप गॉस

दुकानातून काचेची टाकी आणायची, नळाचं पाणी भरायचं आणि पोरं हट्टाला पेटली म्हणून त्याच संध्याकाळी डझनभर मासे सोडायचे. आठवड्याभरात निम्मे उलटे तरंगतात आणि बोल दुकानदाराला लागतो. बेळगाव असो की इंदूर, हे बऱ्याच घरांत एकदा तरी घडलेलं असतं. मासे सोडण्याआधी थांबावं लागतं, हे सुमारे १७० वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका निसर्ग अभ्यासकानं लोकांना सांगून ठेवलं होतं. अशा टाकीला ॲक्वेरियम हे नाव रूढ झालं, तेही त्याच्याच पुस्तकामुळं. फिलिप हेन्री गॉस त्याचं नाव.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, वूस्टर गावचा. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रं काढायचे. घरात पैशाची कायम ओढाताण. बालपण पूल या बंदराच्या गावी गेलं. वयाच्या सतराव्या वर्षी तो कारकुनीसाठी न्यूफाउंडलँडमधल्या कार्बोनियरला गेला. दिवसभर खतावण्या लिहायच्या आणि उरलेल्या वेळात किडे गोळा करून त्यांची चित्रं काढायची, असा त्याचा क्रम. पुढं कॅनडात शेती करून पाहिली, ती बसली नाही. अमेरिकेतल्या अलाबामात काही महिने मास्तरकी केली. १८३९ मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा खिसा रिकामा होता, पण वह्या भरलेल्या होत्या. त्यानंतर जमैकात दीड वर्ष राहून तिथल्या पक्ष्यांवर त्यानं पुस्तक लिहिलं आणि अभ्यासकांत त्याचं नाव झालं.

१८४८ मध्ये एमिली बोज यांच्याशी लग्न, दुसऱ्या वर्षी मुलगा एडमंड. कामाच्या ओझ्यानं प्रकृती ढासळली म्हणून १८५२ मध्ये हे कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर गेलं. ओहोटीला खडकांत राहिलेल्या डबक्यांत गॉस तासन् तास उभा राहायचा. समुद्रफुलं, खेकडे, कोळंबी, लाल-हिरवं शेवाळ. हे सगळं लंडनच्या घरात जिवंत ठेवता येईल का, हा विचार त्याच्या डोक्यात बसला.

एकटा तोच याच्या मागे होता असं नव्हे, बरं का. लंडनमधले रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ पासून एका भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवून प्रयोग चालवला होता. वनस्पती प्राणवायू देते आणि मासे तो घेतात. पण पानं कुजू लागली, पाणी गढुळलं. मग वॉरिंग्टननी गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. आजही मत्स्यटाकीच्या दुकानांत व्हॅलिसनेरिया मिळते. शिवाय ब्रिटनमधला काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळं काच स्वस्त झालेली.

गॉसनं हीच गोष्ट खाऱ्या पाण्यात साधली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, त्यासाठी समुद्रजीव जमवून देणाऱ्यांत तो होता. १८५४ मध्ये त्याचं ॲक्वेरियमवरचं पुस्तक आलं, चित्रंही त्याचीच. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्यानं साधं मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराईड आणि पोटॅशियम क्लोराईड मिसळून खारं पाणी बनवण्याची कृती दिली.

त्याची पद्धत घाईची नव्हती. शेवाळाला मुळं नसतात, म्हणून ते ओरबाडायचं नाही. हातोडा-छिन्नीनं खडकाच्या कपच्यासकट काढायचं. आधी पाण्यात नुसतं शेवाळ ठेवायचं, काही दिवस जाऊ द्यायचे, मगच जीव सोडायचे. काचेवरची हिरवी साय खरवडायला समुद्री गोगलगायी हव्यातच. उन्हाचा मारा नको. एखादा जीव मेला की ताबडतोब बाहेर काढायचा, नाहीतर सगळं पाणी नासतं. मासळीच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू वाळू-दगडांवर वस्तीला यायला वेळ लागतो, हे आज आपल्याला माहीत आहे. गॉसला ते ठाऊक नव्हतं. त्याचं सगळं लक्ष प्राणवायूवर होतं, पण थांबण्याचा सल्ला मात्र बरोबर ठरला.

पुस्तक तडाखेबंद खपलं. दुसऱ्या वर्षी त्यानं टाकी राखण्याची छोटी मार्गदर्शिकाही काढली. घरोघरी टाक्या आल्या. लोकांनी वाचलं किती आणि पाळलं किती, हा भाग वेगळा! माणसं टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उतरली आणि दिसेल ते खरवडून नेऊ लागली. त्यातलं बरंचसं घरी पोचून मरत असणार.

गॉसचे स्वतःचे दिवसही फिरले. फेब्रुवारी १८५७ मध्ये स्तनाच्या कर्करोगानं एमिली गेली. त्याच वर्षी त्याचं ऑम्फॅलॉस हे पुस्तक आलं. देवानं जग निर्माण करतानाच ते जुनं दिसेल असं केलं, जीवाश्मांसकट, असा त्यातला युक्तिवाद. धर्म आणि भूगर्भशास्त्र दोन्ही राखायला गेला आणि दोन्हीकडच्यांनी पाठ फिरवली. निरीक्षणात इतका काटेकोर माणूस इथं श्रद्धेपुढं हरला, असंच म्हणावं लागतं. लहानग्या एडमंडला घेऊन तो डेव्हनमधल्या सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला गेला. तिथं समुद्रफुलांवरचा मोठा ग्रंथ पुरा केला, १८६० मध्ये एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरं लग्न केलं. पुढं ऑर्किड जोपासले आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या रोटिफर जीवांवर हडसन यांच्यासोबत ग्रंथ काढला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी तो गेला.

टाक्यांचं वेड तोवर केव्हाच ओसरलं होतं. एडमंड पुढं नामांकित साहित्यिक झाला. १९०७ मध्ये त्यानं वडिलांच्या आठवणी लिहिल्या, त्यात डेव्हनच्या त्या डबक्यांचीही हकिगत आहे. बापलेक जिथं गुडघाभर पाण्यात उभे राहून समुद्रफुलं पाहत, ती जागा हौशी गोळा करणाऱ्यांनी ओरबाडून उजाड केली होती. आपल्याच पुस्तकांनी ही माणसं इथं आणली, हे गॉसला ठाऊक होतं आणि त्याची खंत त्याला होती, असं मुलानं नोंदवलं आहे.