तांड्याचे संत सेवालाल महाराज

फुलसावंगीकडच्या वारकरी मंडळींना बंजारा तांडे काही परके नाहीत. सेवालाल महाराज हे त्याच तांड्यांचे दैवत. भीमा नायक व धरमणी यांच्या पोटी, आंध्रात गुत्तीजवळ, सन १७३९ मध्ये त्यांचा जन्म झाला असे परंपरा सांगते. घराणे लमाणांचे, बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून मुलूखभर फिरायचे. जगदंबेचे हे भक्त आजन्म ब्रह्मचारी राहिले.

चोरी नको, दारू नको, मुक्या जिवाला छळू नका, असे ते सांगत. शिवाय, कोणाचेही बोलणे आधी जाणून, चाळून मगच माना! हे शेवटचे आम्हांस फार आवडते. बुवालोक सहसा असे सांगत नाहीत. पाणी विकत घ्यावे लागेल, हे त्यांचे भाकीत म्हातारे अजून सांगतात.

पुढे आगगाडी आली, बैलांचा व्यापार बुडाला, तांडे एका जागी बसले. महाराजांचा उपदेश मात्र पोथीत नव्हता. तो गोरबोलीतल्या भजनांत, वडीलधाऱ्यांच्या तोंडीच राहिला. पोरे ती बोली विसरली तर तो कोण सांगणार?

समाधी वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीस आहे. रामनवमीच्या यात्रेला तेलंगण-कर्नाटकातलेही बांधव येतात. एक तेलुगू बोलणारा, दुसरा कानडी. पण एकमेकांशी बोलतात गोरबोलीत. आपल्याकडून पुसद-दिग्रसवरून जाता येते.