स्प्रिंगचा नियम शोधणारा रॉबर्ट हूक

विद्यार्थी मित्रांनो, कोल्हापुरातील आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतला तानकाटा तुम्ही हाताळला असेल. त्यामागील नियमाचा जनक रॉबर्ट हूक १६३५ साली इंग्लंडमध्ये जन्मला. तेराव्या वर्षी पितृछत्र हरपले, तरी शिकून तो १६६२ मध्ये रॉयल सोसायटीचा प्रयोगप्रमुख झाला. ठराविक मर्यादेत, भार दुप्पट केला की स्प्रिंगची वाढही दुप्पट होते, हे त्याने ओळखले. म्हणूनच आंदोलन लहान असो वा मोठे, वेळ सारखाच लागतो. किल्लीची घड्याळे याच आधारावर चालत. पण घड्याळातील स्प्रिंगची आपली कल्पना त्याने छापली नव्हती. १६७५ मध्ये हायगेन्सने तसे घड्याळ जाहीर केले आणि हूकच्या पदरी वाद आला. १६७६ मध्ये त्याने स्प्रिंगचा नियमही अक्षरांच्या कोड्यात दडवून छापला. उकल केली ती १६७८ मध्ये. १७०३ साली तो निवर्तला. मित्रांनो, विद्या दडवू नका. दिल्यानेच ती वाढते.